गळून पडलेले ‘नाही’

माळ्याने खून केला नव्हता. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या संगणकामुळे त्या गरीब माणसावर जो आळ आला, त्याचं उत्तर शेवटी मलाच द्यावं लागलं.

हा माळी एका रहस्यकादंबरीतला. चारशे बारा पानं, एकवीस प्रकरणं, आणि पहिल्याच पानावर एका श्रीमंत म्हाताऱ्याचं प्रेत. अंध वाचनालयासाठी ही कादंबरी मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करून द्यायचं काम मी घेतलं होतं. घेतलं म्हणजे मागून घेतलं. वाचनालयाने ‘स्पष्ट उच्चारांचे स्वयंसेवक हवेत’ अशी चिठ्ठी दारावर लावली होती, आणि ती वाचून मला वाटलं, ही चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मीच असणार.

कारण एकतीस वर्षं मी बसस्थानकावर निवेदक होतो. ‘फलाट क्रमांक सहावरून सुटणारी गाडी अनिश्चित काळासाठी उशिराने धावत आहे’ हे वाक्य मी इतक्या मायेने म्हणायचो, की लोक शिव्या द्यायचे त्या गाडीला द्यायचे. मला कुणी दिल्याचं निदान माझ्या कानावर आलेलं नाही. हजारो माणसं माझा आवाज आला की बोलणं थांबवून कान टवकारायची. निवृत्त झालो आणि एका रात्रीत माझे श्रोते हजारांवरून एकावर आले. तो एक श्रोता म्हणजे आमची ही. मी बोलायला तोंड उघडलं, की हिला गॅसवर ठेवलेलं काहीतरी आठवतं. काहीच ठेवलेलं नसलं तरी आठवतं.

तेव्हा मी अडगळीची खोली रिकामी केली. भिंतींना गाद्या टेकवल्या, दाराला दोन रजया खिळ्यांनी ठोकल्या. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून हे सगळं.

“पाहुणे आले तर त्यांना पांघरायला काय देऊ?” हिने विचारलं. “शांतता?”

संगणक मेहुण्याचा जुना होता. त्याच्या पोटात जागा नव्हती, म्हणून बाहेरून जोडायची एक जाडजूड हार्ड डिस्कही मेहुण्यानेच दिली. साबणाच्या तीन वड्या शेजारी शेजारी ठेवाव्यात एवढा तो डबा. त्यातून एक वायर निघून संगणकात जायची, आणि मी जे वाचीन ते त्या डब्यात साठायचं. पंधरा दिवसांत मी आठ प्रकरणं वाचून काढली. पुढचं काही आधी वाचायचं नाही, असा माझा नियम होता. खुनी कोण हे मलाच ठाऊक असेल तर आवाजात खोटेपणा येईल, हा माझा कलेचा विचार. आठही प्रकरणं वाचनालयाला पाठवली आणि कौतुकाच्या पत्राची वाट बघत बसलो.

पत्र आलं. ते पत्र नव्हतं, तो ‘तपासणी अहवाल’ होता.

‘नाकारले,’ असं वर. खाली शेरा : ‘वाचनात वारंवार खंड. मधूनमधून टक् असा आवाज. चौथ्या प्रकरणात माळी खुनाची कबुली देतो, पाचव्यात तोच पोलिसांना चहा देतो, हे कसे? कृपया यंत्र तपासावे, अथवा निवेदक.’ सही : ध्वनितपासनीस.

‘अथवा निवेदक’ हे दोन शब्द मी तीनदा वाचले. मग खोलीत जाऊन, कानाला हेडफोन लावून चौथं प्रकरण ऐकलं.

पुस्तकात माळी ओरडतो, ‘नाही साहेब, मी खून केला नाही!’ माझ्या ध्वनिमुद्रणात तो ओरडत होता, ‘...साहेब, मी खून केला...!’ आणि पुढच्याच ओळीत टक्. पुढे बघतो तर डॉक्टर सांगतो, ‘जखम खोल नाही,’ तिथे जखम खोल. इन्स्पेक्टरची बायको म्हणते, ‘मी तुम्हाला सोडून कुठेही जाणार नाही,’ तर ती कुठेही निघालेली. आठ प्रकरणांत बारा ‘नाही’ गळून पडले होते. बाकीचेही काही शब्द गळले होते, पण ‘नाही’ वेचून वेचून गेले होते.

“डिस्कला नकार सहन होत नसावा,” मी हिला म्हणालो.

“तिला इथे राहायचं असेल तर सवय करावी लागेल,” ही म्हणाली आणि गॅसकडे गेली.

रविवारी मेहुणा आला. मेहुणा औषधं विकतो, पण संगणकाबद्दल त्याला जे वाटतं ते तो डॉक्टरसारखं सांगतो. त्याने पाच मिनिटं पडद्याकडे बघितलं, ‘हं’ केलं, आणि माझ्याकडे असं बघितलं की नातेवाईकांना बोलावून घ्यावं की काय असं मला वाटलं.

“दाजी, बफर कमी आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे टाकी. नळातून पाणी येतंय, बादलीत पडतंय. बादली बदलताना पाणी सांडतं की नाही? मध्ये टाकी ठेवली की सांडत नाही. तुमची टाकी लहान आहे. आपण मोठी करू.”

त्याने टाकी मोठी केली. एवढी मोठी केली, की मी बोललेला शब्द माझ्याच हेडफोनमध्ये पाऊण सेकंदाने येऊ लागला. तुम्ही कधी स्वतःच्या मागे स्वतः बोलत बोलत चालला आहात का? मी म्हणायचो ‘इन्स्पेक्टर’, आणि ‘दार’ म्हणायला जावं तर कानात कुणीतरी ‘इन्स्पेक्टर’ म्हणायचं. मग मी त्याच्यासाठी थांबायचो. तोही थांबायचा. ‘इन्स्पेक्टरने... दार... उघडले’ हे वाक्य संपेपर्यंत प्रेत गार पडून पुन्हा कोमट व्हायची वेळ आली. ही दारातून डोकावून म्हणाली, “झोप येत असेल तर पडा ना जरा.”

हेडफोन काढून वाचून बघितलं. शब्द गळतच होते. मेहुणा पुन्हा आला, पुन्हा ‘हं’ केलं. या वेळी त्याने डिस्क उघडून आत काय आहे ते बघितलं, आणि त्याचा चेहरा एकदम हळवा झाला.

“अरे, हे इथे आहे होय!”

‘हे’ म्हणजे त्याच्या लग्नाचं चित्रीकरण. चार बाजूंनी चार कॅमेरे, प्रत्येकाचे नऊ तास. डिस्कचा सत्त्याण्णव टक्के भाग मेहुण्याच्या लग्नाने व्यापला होता आणि उरलेल्या तीन टक्क्यांत माझा खून दाटीवाटीने उभा होता.

“भरलेली डिस्क हळू चालते, दाजी,” तो म्हणाला.

“मग पुसून टाक.”

 यावर त्याने बहिणीकडे बघितलं फक्त. बहिणीने माझ्याकडे बघितलं. तेव्हा ते चित्रीकरण दुसरीकडे हलवायचं ठरलं. ‘उरलेला वेळ : चार तास,’ असं संगणकाने सांगितलं. आम्ही चहा घेऊन आलो तर ‘उरलेला वेळ : एकोणीस दिवस’. मेहुण्याने कपाळ पुसलं तोवर ‘तीन मिनिटे’. एकतीस वर्षं गाड्यांच्या वेळा सांगितलेल्या माणसाला मी ओळखतो; पण इतक्या निर्ढावलेल्या आवाजात मीसुद्धा कधी खोटं बोललो नव्हतो. शेवटी दीड दिवस लागला. डिस्क रिकामी झाली. मी नववं प्रकरण वाचलं. त्यात चार ‘नाही’ गळले.

एव्हाना इमारतीत बातमी पसरली होती. माणसाला ताप आला की दोन जण उपाय सांगतात. संगणक आजारी पडला की सगळे सांगतात. तिसऱ्या मजल्यावरच्या एकाने सांगितलं, फ्रिज बंद ठेवा. एक दिवस ठेवला. आवाजात फरक पडला नाही, दुधात पडला. समोरच्या दारातले निवृत्त प्राध्यापक म्हणाले, “दोष यंत्रात असतोच असं नाही. श्वास कुठे घेता तुम्ही? पोटातून घेता का?” असं म्हणून त्यांनी पोटातून एक श्वास घेऊन दाखवला आणि जिन्यात एक खर्जाचा सूर लावला. वाचनालयाची ती चिठ्ठी त्यांनीही वाचली होती हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पण खरा घाव घातला तो तळमजल्यावरच्या वायरमनने. हा गृहस्थ वीज खात्यातून निवृत्त. त्याच्या मते जगातल्या सगळ्या दुःखांचं मूळ एकच : अर्थिंग. दिवा मिणमिणला, अर्थिंग. गुडघा दुखला, अर्थिंग. कुणाचा मुलगा नापास झाला, तर त्या घराचं अर्थिंग तपासलं होतं का, हा त्याचा पहिला प्रश्न.

“टक् वाजतंय म्हणजे करंट परत फिरतोय,” तो माझ्या खोलीत गाद्यांच्या मधोमध उभा राहून म्हणाला. “त्याला जायला जमीन द्या. सरळ खिडकीतून खाली तार सोडू, बागेत खड्डा घेऊ, कोळसा-मीठ घालू. नंतर ही डिस्क कशी पळते बघा.”

बागेत खड्डा म्हणजे सोसायटीची परवानगी. सेक्रेटरी म्हणाले, अर्ज द्या. अर्ज दिला. ‘खड्ड्याचे कारण’ या रकान्यात मी लिहिलं, ‘माळ्याचे ‘नाही’ ऐकू यावे म्हणून.’ सेक्रेटरींनी चष्मा वर करून विचारलं, “आपल्या माळ्याने काय केलं?” त्यांना सगळी कादंबरी नवव्या प्रकरणापर्यंत सांगावी लागली. ऐकता ऐकता ते खुर्चीच्या काठावर आले. परवानगी दिली आणि जाताना हळूच म्हणाले, “त्या म्हाताऱ्याच्या पुतण्यावर लक्ष ठेवा.”

शनिवारी सकाळी वायरमनने बागेत पहार घातली. दोन फुटांवर त्याने घाम पुसला. अडीच फुटांवर तो म्हणाला, “आता लागेल ओली माती.” तीन फुटांवर ओली माती लागली, आणि तिच्यापाठोपाठ पाणीही लागलं. ते लागलं नाही, उसळलंच. पहार सरळ इमारतीच्या मुख्य नळातून आरपार गेली होती. वायरमन छातीपर्यंत भिजला, तरी पहार हातात धरून म्हणाला, “ओलावा उत्तम आहे!”

बेचाळीस घरांचं पाणी दीड दिवस बंद होतं. लोक बादल्या घेऊन खाली यायचे आणि माझ्या खिडकीतून लोंबणाऱ्या तारेकडे बघायचे.  सेक्रेटरींनी सूचनाफलकावर लिहिलं, ‘एका सभासदाच्या छंदामुळे पाणीपुरवठा खंडित.’ छंद! मी ज्याला सेवा समजत होतो, ते बेचाळीस कुटुंबांसमोर ‘छंद’ म्हणून फलकावर खडूने लिहिलं गेलं. दोन दिवस मी जिन्याऐवजी लिफ्ट वापरली, कारण लिफ्टमध्ये एका वेळी चारच माणसं बघू शकतात.

तार मात्र जोडली गेली. दहावं प्रकरण वाचलं. पाच ‘नाही’, सात टक्.

मग मी तडकाफडकी दुकानात जाऊन कोरी हार्ड डिस्क आणली. मेहुण्याने ती जोडून दिली. खोक्यातून नुसती डिस्क काढली. नवी वायर कागदात गुंडाळलेली होती तशीच राहू दिली.

“ही पातळ आहे, दाजी. आपली जुनी जाड आहे, तीच चांगली,” तो म्हणाला. हिने खोकं जपून कपाटावर ठेवलं. वॉरंटीसाठी खोकं जपावं लागतं, हे हिला पाच मिक्सर वापरून कळलेलं होतं.

अकरावं प्रकरण वाचलं. नव्या डिस्कनेही ‘नाही’ गिळले. जुनीने निदान सवयीने गिळले असते. या नवीला घरात येऊन तीनच तास झाले होते.

मी खोक्यासकट डिस्क घेऊन दुरुस्ती केंद्रात गेलो. टोकन क्रमांक सत्तावन्न. काउंटरमागच्या माणसाने डिस्क त्याच्या यंत्राला जोडली, त्याच्या वायरने, आणि पडद्यावर हिरवी रेघ सुसाट पळाली.

“चालते,” तो म्हणाला.

“हळू चालते.”

“अर्जात दोनच रकाने आहेत. ‘चालते’ आणि ‘चालत नाही’. कुठला भरू?”

“‘हळू चालते’ असा नाही का?”

“हळू चालणं हा बिघाड नाही हो. स्वभाव आहे.” त्याने डिस्क परत खोक्यात ठेवली. “इथे तर पळतेय. तुमच्या घरी गेल्यावर मंदावत असेल, तर घरी काहीतरी असेल. बघा विचार करून.”

मागे रांगेतले चार जण माझ्याकडे कणवेने बघू लागले. माझ्या घरी असं काय आहे, की धडधाकट वस्तूंचंही मन उदास व्हावं, असा विचार त्यांच्या चेहऱ्यांवर होता. परत येताना बसमध्ये मीही तोच विचार करत होतो.

तरीही मी चिकाटीने अकराही प्रकरणं पुन्हा वाचून पाठवली. गळलेला प्रत्येक शब्द हुडकून पुन्हा म्हटला. ‘नाही’ तर दोन दोनदा म्हटले, म्हणजे एक गळला तरी एक उरेल. दुसरा अहवाल आला.

‘नाकारले. माळी आता ‘नाही नाही’ म्हणतो व त्यामुळे अधिकच संशयास्पद वाटतो. टक् कायम. तिसऱ्या वेळी दोष आढळल्यास पुस्तक यादीतील पुढील स्वयंसेवकाकडे देण्यात येईल.’

खाली पुढील स्वयंसेवकाचा पत्ता होता. तो आमच्याच इमारतीचा होता. समोरच्याच दाराचा. जिन्यात खर्जाचा सूर घुमला.

त्या दिवशी मी जेवलो नाही.  दुपारी ही आत आली आणि गाद्यांना टेकून उभी राहिली. “एवढं लागलंय तुम्हाला?” हिने विचारलं. मी म्हणालो, “गाड्यांच्या वेळा तर आता यंत्र सांगतं. हे एक काम होतं, की माझ्या आवाजावाचून कुणाचं तरी अडलं होतं.” ही गॅसकडे गेली नाही. वाचनालयाचा दूरध्वनी क्रमांक शोधला, फिरवला, आणि पलीकडे जो कुणी होता त्याला ठणकावून सांगितलं, “तुमच्या त्या ध्वनितपासनीस कोण आहेत त्यांना म्हणावं, लांबून शेरे मारू नका. घरी येऊन बघा माणूस किती कष्ट करतो ते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता दारावर टकटक झाली. दारात साठीच्या, ताठ कण्याच्या एक बाई उभ्या होत्या. हातात पांढरी काठी, खांद्याला पिशवी. त्या पूर्ण अंध होत्या. त्यांनी सांगितलं, चाळीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, आता वाचनालयात येणारं प्रत्येक ध्वनिमुद्रण त्या तपासतात.

“बघा म्हणून निरोप आला,” त्या म्हणाल्या. “बघणं जमायचं नाही. ऐकायला आले आहे. निवेदक कुठे आहेत?”

मी नमस्कार केला. मग लक्षात आलं, तो त्यांना दिसला नसणार, म्हणून “नमस्कार केलाय” असं सांगितलं.

“आवाज बरा आहे तुमचा,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं होतं त्यापेक्षा उंची कमी आहे. चला खोलीत.”

त्या खोलीत स्टुलावर बसल्या. मला म्हणाल्या, “नेहमीसारखे बसा, नेहमीसारखं वाचा. चौथं प्रकरण, माळ्याची चौकशी.” मागे दारात ही होती. पाहता पाहता हिच्यामागे वायरमन, सेक्रेटरी आणि प्राध्यापक येऊन उभे राहिले. माझी फजिती आमच्या इमारतीत सार्वजनिक मालमत्ता झाली होती.

मी वाचू लागलो. माळी रडकुंडीला आला. ‘नाही साहेब, मी खून केला नाही!’

“थांबा,” बाई म्हणाल्या. “निवेदक, ‘नाही’ म्हणताना तुमचा उजवा गुडघा कुठे आपटतो?”

“गुडघा?”

“पुन्हा म्हणा.”

“नाही!” मी म्हणालो. आणि त्याच क्षणी मला जाणवलं, की माझा गुडघा टेबलाच्या पायावर जाऊन आदळलाय. माझ्या नकळत. नकार द्यायचा म्हणजे तो ठामपणे दिला पाहिजे, आणि माझा ठामपणा सगळा उजव्या गुडघ्यात होता.

“गुडघा आपटला, की तिकडे, डावीकडे, तो डबा अडखळतो,” बाई म्हणाल्या. “त्याची घरघर क्षणभर तुटते, मग तो सुरुवातीपासून धाप लागल्यासारखा फिरायला लागतो. तुम्हाला ऐकू येत नाही?” त्यांनी हात पुढे केला, चाचपडत वायरीचं टोक शोधलं, आणि बोटाने किंचित हलवलं. डबा गप्प झाला. पुन्हा हलवलं. डबा सुरू झाला. “वायर सैल आहे. एक्स्चेंजमध्ये अशा वायरी आम्ही दिवसाला वीस काढायचो.”

खोलीत अशी शांतता पसरली, की गाद्या वाया गेल्या नाहीत असं मला वाटलं. मेहुण्याची जाड, चांगली, जुनी वायर! वायरमन पुटपुटला, “तरी अर्थिंग करून घेतलं ते बरंच.” त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. हिने कपाटावरून खोकं काढलं, कागदातली पातळ नवी वायर काढली आणि जोडली. शिवाय एक उशी आणून टेबलाच्या पायाला बांधली.

मी वाचलं. ऐकलं. ‘नाही साहेब, मी खून केला नाही!’ दोन्ही ‘नाही’ जागच्या जागी, खणखणीत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं असेल, नसेल.

“पण टक् आहेच,” बाई म्हणाल्या.

“ती डिस्क—”

“डिस्क नाही. टक् उजवीकडून येतो. वरच्या बाजूने. ‘च’ आणि ‘ज’ला.” त्या जराशा पुढे झुकल्या. “निवेदक, कवळी कधी बसवली?”

वाचकहो, ही गोष्ट मी तुम्हालाही सांगितली नव्हती. आमच्या इमारतीतही कुणाला माहीत नव्हती. सगळ्यांशी मी ओठ जुळवूनच हसायचो. आता सेक्रेटरी, वायरमन आणि प्राध्यापक या तिघांनी एकदम माझ्या तोंडाकडे बघितलं. मी ते मिटलं.

“सहा महिने झाले,” ही म्हणाली. “सैलच आहे. डॉक्टरांकडे चला म्हणून मी किती वेळा सांगितलं. ऐकतंय कोण?”

ऐकत नाही म्हणून मी ज्या बायकोला बोल लावत होतो, तिचं मीही ऐकलं नव्हतं, हे मला त्या क्षणी पटलं. प्राध्यापक पुढे आले. मला वाटलं, आता हे सूर लावणार. पण ते आवाज खाली आणून म्हणाले, “माझ्याकडे चिकटवायची पेस्ट आहे. चांगली धरते. आणू?” आणि घरी जाऊन घेऊन आले. तेही ओठ जुळवूनच हसायचे, हे मला पहिल्यांदाच दिसलं.

कवळी चिकटवली. गुडघ्याला उशी, डब्याला नवी वायर. बाई म्हणाल्या, “आता पुढचं वाचा. बारावं.” मी म्हणालो, तपासणीला अर्धं पान पुरे ना? त्या म्हणाल्या, “तपासणी झाली. पण मी अकरा प्रकरणं ऐकून अडकले आहे. वाचा.”

मी बारावं वाचलं. तेरावं वाचलं. ही चहा ठेवायला गेली आणि चहा न ठेवताच परत आली. सेक्रेटरी जमिनीवर बसले. सोळाव्या प्रकरणात पुतण्या निर्दोष ठरला तेव्हा त्यांनी ‘छे!’ केलं, तेही ध्वनिमुद्रित झालं असणार. एकोणिसाव्या प्रकरणात इन्स्पेक्टर सगळ्यांना दिवाणखान्यात जमवून दार लावून घेतो आणि म्हणतो, ‘खुनी या खोलीत आहे,’ आणि एवढ्यात आमचे दिवे गेले. संगणक मिटला. डब्याची घरघर थांबली. खोलीत मिट्ट अंधार.

“काय झालं? का थांबलात?” बाईंनी विचारलं.

“दिवे गेले. ध्वनिमुद्रण बंद पडलं.”

“मग?” त्या म्हणाल्या. “खुनी कोण?”

हिने दाराच्या रजया ओढून काढल्या, खिडकीची गादी बाजूला केली. उतरत्या दुपारचं ऊन आत आलं, आणि त्याबरोबर रस्त्यावरचे भोंगे, खाली कुणाचं तरी भांडण, कुत्री, सगळंच आत आलं. मी पुस्तक खिडकीशी धरलं आणि राहिलेलं एकोणिसावं आणि पुढची दोन प्रकरणं त्या गोंगाटात वाचली. एकही शब्द कुठे साठत नव्हता. पाच माणसं मात्र हलली नाहीत. शेवटच्या पानावर इन्स्पेक्टर खुन्याच्या आईला भेटायला जातो. तिला काहीच ठाऊक नसतं. ती त्याला मुलाचा मित्र समजून आत बोलावते. ते वाचताना मी वर बघितलं. ही दाराला टेकून उभी होती, आणि अख्ख्या खोलीत हीच सगळ्यांत लक्ष देऊन ऐकत होती. मला पुढचं वाक्य लगेच म्हणता आलं नाही.

बाई उठल्या, काठी घेतली. “खुनी कोण हे आता तुम्हाला कळलंय,” त्या म्हणाल्या. “उद्यापासून पुन्हा पहिल्यापासून वाचा. आणि त्याचं नाव आलं की आवाजात काही दाखवू नका. मी पकडीन.”

मी तीन आठवड्यांत एकवीसही प्रकरणं पुन्हा वाचली. कवळीही डॉक्टरकडून नीट करून आणली, मग सगळी प्रकरणं पाठवली. तिसरा अहवाल आला तेव्हा पाकीट फोडायचं मला धैर्य झालं नाही. हिने फोडलं आणि मोठ्याने वाचलं.

‘स्वीकृत. शेवटच्या प्रकरणात एका ठिकाणी निवेदकाचा आवाज भरून आला आहे व वाक्यापूर्वी तीन सेकंद शांतता आहे. हा यंत्राचा दोष नाही. तसेच ठेवावे.’

हिने कागदाची नीट घडी घातली आणि आपल्या कपाटात ठेवली. मी म्हणालो, तो माझा कागद आहे. ही म्हणाली, असू दे. मग अडगळीच्या खोलीत गेली, एक रजई दाराला नीट अडकवली, आणि आतून म्हणाली, “अहो, आता पुढचं पुस्तक जरा प्रेमाचं आणा. खून पुरे झाले.”